आबाजींचा बैल यंदाही निघू दे

"काकू, मी नागपुरात मानेवाड्याला राहते, बँकेत नोकरीला आहे. मे महिन्यात माझे सासरे गेले, हार्ट अटॅकनं, दोन तासांत सगळं संपलं. मला दोन मुलं, मोठा ११ वर्षांचा अन् धाकटी साडेसहाची. आम्ही दोघंही नोकरीवर म्हणून मुलं आबाजींच्याच अंगाखांद्यावर वाढली. धाकटीला आम्ही सांगितलं की आबाजी झोपलेत, देवाघरी गेलेत. आता ती रात्री झोपत नाही अन् मलाही झोपू देत नाही. त्या दिवशी दुपारी ती हट्टानं आबाजींना चौकात बर्फाचा गोळा खायला घेऊन गेली होती, मधेच विचारते की गोळ्यामुळं का. मोठा तर रडलाच नाही, सारखा मोबाईल, आजी म्हणते याला काही वाटतच नाही. आता पोळा येऊन राहिला. आबाजी दरवर्षी धाकटीचा लाकडी बैल सजवून द्यायचे. सासूबाई म्हणतात वर्षभर सण नाही, बैल काढायचा नाही, तर पोरीनं बैल पलंगाखाली लपवून ठेवलाय. मैत्रीण म्हणते मुलांना पुस्तकं आणून दे, अॅक्टिव्हिटी घे. कोणती पुस्तकं, कशी अॅक्टिव्हिटी, काहीच समजून नाही राहिलं."

बेटा, तू पुस्तकांचं विचारलंस, ते सांगतेच, पण तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोठं वाक्य तू मधेच घाईघाईत लिहून पुढं निघून गेलीस. ते गोळ्याचं. साडेसहा वर्षांचं लेकरू तीन महिने मनात धरून बसलंय की माझ्यामुळं आबाजी मेले, अन् ती ते विचारते तेव्हा घरातलं कोणीतरी "नाही गं, असं काही नसतं, जा खेळ" म्हणून विषय बदलत असणार. या वयात मुलांना मनापासून वाटतं की आपण बोललो, रागावलो, हट्ट केला म्हणून जगात गोष्टी घडतात. मोठ्यांना ते बालिश वाटतं पण तिच्यासाठी ते पक्कं आहे, आणि एकदा नाही म्हटल्यानं जात नाही. अजून एक विचारते, तेरवीपर्यंत भेटायला येणाऱ्यांपैकी कोणी तिच्यासमोर म्हटलं होतं का, "त्या उन्हात गेले नसते तर"? नागपुरात मे महिन्यात कोणीही सहज म्हणून जातं. आपण विसरतो, दाराआड उभं असलेलं पोरगं विसरत नाही. घरात कोणी अजून असं म्हणत असेल तर ते आजच बंद कर, नवऱ्याला सांग, सासूबाईंना हात जोडून सांग.

आणि तिला जवळ घेऊन साध्या शब्दांत सांग. की आबाजींच्या हृदयाला रक्त नेणारी नळी आतून हळूहळू बंद होत आली होती, खूप वर्षांपासून, तुझ्या जन्माच्याही आधीपासून, बाहेरून कोणाला दिसत नव्हती, त्या दिवशी ती बंद पडली. गोळा खाल्ल्यानं कोणी मरत नाही. हट्ट केल्यानं कोणी मरत नाही. आणि हेही सांग की आबाजींना तुझ्यासोबत चौकात जायला आवडायचं. ती पुन्हा विचारेल, उद्या विचारेल, दिवाळीत विचारेल, दरवेळी हेच, याच शब्दांत सांग. कंटाळू नकोस. तेच तेच विचारून ती उत्तर बदलत तर नाही ना हे तपासून पाहते.

आता झोपेचं. तुम्ही सांगितलं आबाजी झोपले, अन् झोपलेला माणूस उठलाच नाही, त्याला चौघं खांद्यावर घेऊन गेले. मग ती पोरगी झोपेल कशी अन् तुला तरी कशी झोपू देईल? ती तुझ्यावर पहारा देते आहे. मारिया नागी नावाच्या बाईंनी बुडापेस्टच्या ३ ते १० वर्षांच्या मुलांशी बोलून त्यांना मरणाबद्दल काय वाटतं ते १९४८ मध्ये छापलं होतं, त्यात अगदी लहान मुलं मरण म्हणजे झोपणं किंवा कुठंतरी दूर जाणं असंच धरून चालली होती, नऊच्या पुढची मुलं मात्र हे कायमचं आहे, सगळ्यांनाच आहे हे समजून होती. सगळीच मुलं या हिशोबानं चालतात असं नाही, आजूबाजूला काय पाहिलं, घरात काय बोललं गेलं त्यावरही असतं. पण तुझ्या घरातली दोन मुलं त्या रेषेच्या अल्याड-पल्याड उभी आहेत एवढं धरून चाल, म्हणजे दोघांना एकच औषध लागू पडणार नाही.

तिला "मेले" हा शब्द सांग. मला ठाऊक आहे जीभ वळत नाही, आपल्याकडे तर "गेले" म्हणायची पद्धत, पण सहा वर्षांच्या पोरीला गेलेला माणूस परत येतो, बाबा ऑफिसला जातात अन् येतात. सांग की आबाजी मेले, म्हणजे त्यांचं शरीर चालायचं थांबलं, त्यांना आता भूक लागत नाही, दुखत नाही, ऊन लागत नाही, अन् ते परत येणार नाहीत. देवाघरी म्हणायला माझी अजिबात ना नाही, घरची श्रद्धा आहे ती राहू दे, फक्त आधी हे सांग अन् नंतर ते. मग रात्री झोपताना तिचा तळहात तुझ्या छातीवर ठेव अन् म्हण, मोज. वीस ठोके मोजा दोघी मिळून, मग तिच्या छातीवरचे वीस. सांग की झोपेत पण हे चालूच असतं, झोप अन् मरण वेगळं आहे. मधेच उठली तर पुन्हा मोजू दे. पुस्तक नाही, खर्च नाही, तिची भीती जिथं आहे तिथंच हात ठेवायचा आहे.

हे मी इतकं जीव तोडून का सांगते तर माझे वडील मी आठ वर्षांची असताना वारले. मला सांगितलं की गोंदियाला गेले, काम निघालं. सगळ्यांनी भल्यासाठीच सांगितलं. मी कित्येक महिने संध्याकाळी दारात बसायची, गाडीची वेळ झाली की रस्त्याकडं पाहायची, अन् नंतर नंतर मला त्यांचा रागच यायला लागला की एवढे दिवस झाले, एक पत्र नाही. शेवटी आत्यानं खरं सांगितलं. मी दोन दिवस जेवली नाही म्हणतात, पण मला आठवतं ते वेगळं, मला आठवतं की तिसऱ्या दिवशी आत्यानं वडिलांचा शाईचा पेन हातात दिला, दौत दिली, अन् म्हणाली भर, सांडली तरी चालेल. हात निळे झाले होते माझे. गोंदियाची वाट पाहणं त्या दिवशी संपलं.

अमेरिकेत लहान मुलांचा टीव्हीवरचा कार्यक्रम आहे, सेसमी स्ट्रीट. त्यात दुकानदार मिस्टर हूपरचं काम करणारे नट १९८२ च्या डिसेंबरात वारले. करणाऱ्यांपुढं प्रश्न पडला की एवढ्याएवढ्या मुलांना सांगायचं काय. रिटायर होऊन दुसऱ्या गावाला गेले म्हणता आलं असतं, तसा विचारही झाला होता. पण त्यांनी मुलांच्या मनाच्या जाणकारांना विचारलं अन् १९८३ च्या नोव्हेंबरात खरं सांगणारा भाग दाखवला. त्यात बिग बर्ड नावाचा मोठा पिवळा पक्षी सगळ्यांची चित्रं काढून आणतो, मिस्टर हूपरचंही, अन् म्हणतो ते परत आले की त्यांना देईन. तेव्हा मोठी माणसं, स्वतःचे डोळे भरलेले असताना, त्याला सांगतात की ते मेलेत, ते येणार नाहीत. मला त्यातलं सगळ्यात पटतं ते हे की मोठ्यांनी स्वतःचं रडू लपवलं नाही. तूही बाथरूममध्ये नळ सोडून रडत असशील तर नको रडू तशी. मुलांसमोर रड, अन् सांग, मला आबाजींची आठवण आली म्हणून रडते आहे, थोड्या वेळानं चहा करीन. रडून माणूस पुन्हा चहा करतो हे पोरांना दिसलं पाहिजे.

मोठ्याचं सांगते. याला काही वाटतच नाही हे वाक्य त्याच्या कानावर पुन्हा पडू देऊ नकोस. मुलांचं दुःख श्रावणातल्या ऊन-पावसासारखं असतं, आत्ता धो धो, पाच मिनिटांत कडक ऊन अन् पोरगं क्रिकेटला पळालं. आपल्याला वाटतं विसरलं. मोठ्यांसारखं दिवसभर दुःखात बसून राहायची ताकद त्यांच्यात नसते, ते घोट घोट घेतात. अन् अकरा वर्षांचा मुलगा, त्याला सगळं कळलंय, कायमचं आहे हेही कळलंय, वरून कोणीतरी नक्की म्हटलं असेल, "आता तूच आईला सांभाळ", किंवा "मुलं रडत नसतात". मग तो बसला मोबाईल घेऊन. हिसकावायच्या आधी एकदा शेजारी जाऊन बस, पाहा काय पाहतो आहे. कदाचित गेमच असेल, कदाचित आबाजींचे जुने व्हॉइस मेसेज असतील. तसं निघालं तर ते दुसऱ्या फोनमध्येही घेऊन ठेव, एक फोन पडला की आवाज जायला नको. या वयाच्या मुलाला समोर बसवून "बोल ना रे मनातलं" म्हटलं की तो अजूनच मिटतो. त्याच्याशी शेजारी बसून बोल, गाडीवर मागं बसवून, भांडी पुसताना, अंबाझरी तलावाला चक्कर मारताना. आबाजींचं एखादं काम त्याच्या हातात दे. सायकलच्या चेनला तेल घालणं, रविवारी तर्री पोहे करायचे तर ती तर्री, त्यांचं काय होतं ते तुला ठाऊक. पण "आता हे तुझं काम" असं करून लादू नकोस, "मला जमत नाही, आबाजी कसं करायचे रे?" असं विचार. तो दाखवेल. दाखवता दाखवता बोलेल, नाही बोलला तरी चालेल.

आता पुस्तकं. दुकानात जाऊन "दुःखावरचं पुस्तक द्या" म्हणून आणलेलं अन् मुलासमोर ठेवून "वाच, तुझ्यासाठी आणलंय" म्हटलेलं पुस्तक मुलं औषधासारखं तोंड वाकडं करून घेतात. आधी तू एकटी पूर्ण वाच, तुला कुठं हुंदका येतो ते तुला आधी कळू दे. त्यात मेलेला शेवटी परत जिवंत होत असेल तर ते पुस्तक आत्ता नको. मग रात्रीच्या बाकी गोष्टींत मिसळून वाच, हत्तीची एक, माकडाची एक, अन् मधे ही. तिनं पान मिटलं तर मिटू दे. शेवटी "यातून काय समजलं" हा प्रश्न चुकूनही विचारू नकोस. एक मला फार आवडतं, सुझन वार्ली यांचं बॅजर्स पार्टिंग गिफ्ट्स, १९८४ चं, इंग्रजी आहे, पण चित्रं दाखवत आपल्या भाषेत सांगता येतं. म्हातारा बॅजर, म्हणजे बिळात राहणारा एक प्राणी, मरतो, हिवाळाभर त्याचे दोस्त दुःखात असतात, मग एकेक जण सांगायला लागतो की त्यानं मला काय शिकवलं. चिचुंद्रीसारख्या मोलला कागदाची कात्रणमाळ, बेडकाला बर्फावर घसरणं, कोल्ह्याला टायची गाठ. मराठीत सहज मिळणाऱ्या चित्रगोष्टी हव्या तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर फुकट आहेत, मोबाईलवरच वाचता येतात, मोठ्याला शोधायला लाव, मोबाईल त्याच्याच हातात आहे ना. अन् एक सांगून ठेवते, कोणीतरी तुला नक्की म्हणेल की मोठ्याला श्यामची आई दे. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आपल्या गेलेल्या आईच्या आठवणीनं, मी त्या पुस्तकावर वाढली आहे, पण या वर्षी नको, निदान एकट्यानं नको. शेवटी आईच जाते त्यात. ज्या पोराला आत्ता रात्री तुझीच काळजी वाटत असेल त्याच्या हातात ते देऊन तू बँकेत निघून गेलीस तर त्यानं दिवस कसा काढायचा?

खरं म्हणशील तर मला वाटतं तुमच्या घरात जे पुस्तक पाहिजे ते दुकानात नाहीच, ते घरीच करावं लागेल. जुन्या कॅलेंडरची पानं घे, मागची कोरी बाजू, मधे दुमडून सुईदोऱ्यानं शिव. वर लिही, आबाजींचं पुस्तक. बॅजरची गोष्ट वाचून झाली की विचार, आपल्याला आबाजींनी काय काय शिकवलं? धाकटी सांगेल ते जसंच्या तसं लिही, तिच्याच शब्दांत, व्याकरण सुधारू नकोस. चांगलंच लिहायचं असं पण नाही. आबाजी घोरायचे, आबाजी दादाचे जास्त लाड करायचे, एकदा मला ओरडले होते, हे पण त्यात आलं पाहिजे, नाहीतर ते आबाजी राहत नाहीत, भिंतीवरचा हार घातलेला फोटो होतात. एक पान गोळ्याच्या दिवसाचं ठेव. घाई नको, ती म्हणेल तेव्हा. कोणत्या रंगाचा गोळा होता, आबाजींनी कोणता घेतला, येताना काय बोलले. त्या दुपारी गोळा होता, गंमत होती, मग संध्याकाळ झाली. सगळं एका पानावर आलं की तिला ते वेगवेगळं दिसायला लागेल. एक पान सासूबाईंना दे. त्या लिहीत नसतील तर मोठ्या मुलानं त्यांना विचारून लिहावं, लग्नाआधी आबाजी कसे दिसायचे ते. आजी-नातवात जी भिंत उभी राहून राहिली ती मला या पानानं फुटेल असं वाटतं.

सोबत चपलांच्या जोडाचा एखादा रिकामा डबा घे, त्यात त्यांच्या वस्तू. चष्मा, अडकित्ता, घामाचा वास असलेला दुपट्टा, काय ते मुलंच ठरवतील. दुपट्टा धुऊ नकोस.

शाळेत क्लास टीचरला सांगून ठेव, दोघांच्याही. "माझे आजोबा" निबंध आला तर त्यांना कळलेलं असावं. पोटात दुखणं, पुन्हा बिछाना ओला होणं, चिकटून राहणं हे काही आठवडे-महिने चालतं, त्यावर रागावू नकोस. पण खाणं सुटलं, शाळेला जायचंच नाही असं कित्येक दिवस चाललं, दोस्त सगळे तुटले, किंवा धाकटीची झोप हे सगळं करूनही महिनाभरात सुधारली नाही तर मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, मानसोपचार विभागात दाखव किंवा मुलांच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे ने, त्यात लाजायचं काही नाही. धाकटी म्हणाली की मला आबाजींकडे जायचंय, तर घाबरून ओरडू नकोस, शांतपणे विचार, जाऊन काय करशील, बहुतेकदा त्यांना नुसतं भेटायचं असतं. मोठा असं काही बोलला, मरायचं बोलला, तर मात्र उद्यावर टाकू नकोस, त्याला एकटं सोडू नकोस. टेली मानस ही मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाईन, तिचा १४४१६ नंबर सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र लागतो. तुला स्वतःला नाही झेपलं तरी लाव, तो नंबर काही फक्त मुलांसाठी नाही.

आता बैल.

सासूबाई चुकत नाहीयेत. त्यांचा माणूस गेलाय, पुरणाचा वास त्यांना सहन होणार नाही, त्यांनी सण करू नये असं त्यांना वाटत असेल तर गोडधोड नको, तोरण नको, नवे कपडे नको, सगळं मान्य कर. पण तान्हा पोळा पोरांचा आहे. भोसल्यांच्या काळापासून नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडाचे बैल घेऊन निघतात, अन् तुझ्या पोरीसाठी तर तो सण पण नाही, ती तिची आबाजींची जागा आहे. तो बैल तिनं टाकून नाही दिला, लपवून ठेवला. सासूबाईंशी वाद घालू नकोस, त्यांच्याजवळ बसून विचार की आबाजी बैलाच्या शिंगांना काय लावायचे, झूल कुठून आणायचे, मला ठाऊक नाही, तुम्हीच सांगा. ठाऊक फक्त त्यांनाच असेल. त्यांनी सांगितलं तर ठीक, रडल्या तर जवळ बस, अन् नाहीच म्हणाल्या तर बैल घरातल्या घरात सजवा, देवासमोर नाही, आबाजींच्या फोटोसमोर ठेवा. सजवायचं काम दोन्ही मुलांनी करायचं. बैलाचं चाक निघालं असेल तर मोठ्याला बसवू दे. दरवर्षीसारखा नाही होणार, वाकडा होईल, धाकटी म्हणेल आबाजींसारखं नाही झालं. तर हो म्हण. नाही झालं, आबाजींसारखं कोणालाच जमत नाही.

तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी मारबत निघते, गावातली ईडापीडा घेऊन जाणारा मोठा पुतळा. पिवळी, काळी, सोबत बडग्यांचे पुतळे, गर्दी फार असते, धाकटीला इतवारीत नेऊ नकोस यंदा, पण घरी दोघांना रद्दीची एक मारबत करू दे. ज्याचा ज्याचा राग येतो ते चिठ्ठ्यांवर लिहून तिच्या पोटात भरायचं. डॉक्टरांचा राग, देवाचा राग, आईनं खोटं सांगितलं त्याचा राग, "झोपले" हा शब्दच लिहून टाकायचा. तुझ्या मनाला जे लागेल ते पण त्यांना लिहू दे. आबाजींचं नाव त्यात नाही जाणार, आठवण पण नाही, ते आपल्या पुस्तकात राहतात, हे आधी सांग. मग गच्चीवर जाऊन घसा फाटेस्तोवर ओरडा, घेऊन जा गे मारबत! खरी मारबत जाळतात पण तुम्ही जाळू नका, मोठा बहुतेक घाटावर गेला असेल, त्याला आग पुन्हा दाखवायची गरज नाही. फाडा, तुकडे करा, कचऱ्याच्या गाडीत टाका.

आणि बोजारा. आबाजी तिला दर तान्ह्या पोळ्याला काहीतरी देत असतील, दहा रुपये, वीस रुपये, चॉकलेट. यंदा तो कोणी द्यायचा हे तिला नक्की प्रश्न पडलाय, विचारत नसेल फक्त. तू स्वतःच ठरवून टाकू नकोस. सासूबाईंच्या हातात आधी नोट देऊन ठेव. त्या बैलाला कुंकू लावायला उठल्या तर त्यांच्या हातून देऊ दे, नाही उठल्या तर मोठ्याला सांग, दादानं दिला तरी ती घेईल. बैल पलंगाखालून तू काढू नकोस. झूल शिवायला घे, मणी-घुंगरं खाली जमिनीवर पसरून बस, पलंगाजवळच बस. तिचा तिला आणू दे.